मंच आहे, खोली नाही

‘आता काय, वेळच वेळ आहे, पुन्हा चित्रं काढायला घ्या.’ निवृत्त माणसाला असा सल्ला देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर ब्रश हातात घेऊन पाहिलेला असतो. वेळ नव्हता तोवर बरं होतं. बोट दाखवायला काहीतरी होतं : ड्यूटी, ओव्हरटाइम, मुलांच्या परीक्षा, आईचं दुखणं. निवृत्तीनंतर ही सगळी कारणं एकदम रजेवर जातात आणि टेबलावर कोरा कागद येऊन बसतो. तो कागद फार उद्धट असतो.

मी जबलपूरच्या एका आयुध निर्माणीत ड्राफ्ट्समन होतो. वडील अशाच नोकरीसाठी नागपूरहून इथे आले. या गावात मराठी माणसं दोन खेपांनी आली म्हणायला हरकत नाही. काही घरं नागपूरकर भोसल्यांच्या अमलातली, म्हणजे १८१७ मध्ये इंग्रजांनी गाव घेतलं त्याच्या आधीची; आणि आमच्यासारखी पुष्कळशी रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे आलेली. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा, बाकीचे मागाहून. घरात मराठी, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ‘काय बड्डे’ सुरू. गणपतीत नाटक, कोजागरीला मसाल्याचं दूध, दिवाळीत पहाटेचं गाणं, सगळं साग्रसंगीत. ते साग्रसंगीत असणंच आज माझ्या तक्रारीचा विषय आहे.

सुटलेली कला पुन्हा धरायला निर्धार, शिस्त, प्रेरणा वगैरे लागते असं आपण ऐकत आलो. थोडी लागत असेलही. पण माझ्या पाहण्यात तिच्याहून जास्त गरज पडते ती एका खोलीची, जिथे चार माणसांत बसून वाईट काम करता येईल आणि कुणी टाळ्या वाजवणार नाही. आपल्या सांस्कृतिक मंडळांकडे ती खोली सोडून बाकी सगळं आहे.

आधी चित्रं सुटली कशी ते सांगतो. माझ्या पंचविशीत आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक वयाने मोठे सहकारी होते, कुठल्याशा जुन्या कला-शिक्षकांकडे शिकलेले. रविवारी सकाळी ते मला सायकलवर ग्वारीघाटला न्यायचे. पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा, अलीकडे नावा, पायऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. ते काही शिकवायचे नाहीत. शेजारी बसून स्वतःचं काढायचे. मधेच माझ्या कागदाकडे पाहून ‘पाणी कमी’ एवढं म्हणायचे. मग त्यांची बदली झाली, माझं लग्न झालं, रविवार भाजी आणि नातेवाइकांत वाटला गेला. चित्रकला सोडली असं मी कधी म्हटलं नाही. त्या सोडण्याला तारीखच नाही. वीस वर्षांनी कुणी विचारलं तरी मी ‘काढतो अधूनमधून’ असंच सांगायचो आणि ते खोटं आहे हे मलाही जाणवायचं नाही.

खंड पडून परतलेल्या कलावंताचं नाव निघालं की मध्य प्रदेशातला मराठी माणूस देवासकडे बोट दाखवतो, आणि ते रास्तच आहे. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला आले आणि पुढची काही वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने जीव वाचला. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले ते एका फुफ्फुसाची साथ जवळजवळ गमावून. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती. ती त्यांनी साठवली, नंतर जमवली, त्यांतल्या धुनांतून राग उभे केले. ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये आलं.

ही कथा मी कितीदा तरी ऐकली आहे आणि सांगणारा ती दरवेळी जिद्दीवर आणून संपवतो. मला तिच्यात दुसऱ्याच दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे परतल्यावर त्यांनी आजारापूर्वीचं गाणं परत मिळवायचा हट्ट धरला नाही. आहे त्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी घडवलं, आणि लोक ऐकत बसले ते हे नवं. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही : कुमारांची वाट पाहणारी माणसं होती. लहान वयात गाजलेला गवई, घरी पत्नी भानुमतीबाईंची सोबत, मुंबईत देवधरमास्तरांसारखे गुरू. त्यांचा खंड सगळ्यांना ठाऊक होता, त्याला कारण होतं, डॉक्टरांनी दिलेलं नाव होतं. तुमच्या-माझ्या खंडाला नाव नाही. तो पडला हे घरातल्यांनाही कळलेलं नसतं, मग तो संपायची वाट कोण पाहणार? म्हणून कुमारांचं उदाहरण निवृत्त ड्राफ्ट्समनच्या तोंडावर फेकू नये. त्याने माणूस आणखी खचतो.

त्यापेक्षा मला नागपुरात जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची गोष्ट जवळची वाटते. १९८४ मध्ये दिल्लीत ऑटोरिक्षाच्या अपघातात ते जबर जखमी झाले. मोठा कॅनव्हास झेपेना. मग काही काळ त्यांनी कागदावर लहान लहान कामं केली, शाईची, आणि कॅनव्हासकडे परतायला घाई केली नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मातिसने कात्री आणि रंगवलेले कागद हाती घेतले ते तर जगाला माहीत आहे. आणि इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी. चांगले कसलेले चित्रकार, पण ते वळले वाळकी पानं, काटक्या, फुटक्यातुटक्या वस्तूंकडे आणि त्यांतून चेहरे, पक्षी काढत राहिले. या मोठ्या माणसांनीही आधीच्याच दाराने परत यायचा आग्रह धरला नव्हता, एवढंच मी त्यांच्याकडून घेतो. बाकी त्यांची थोरवी त्यांच्यापाशी.

मी माळ्यावरची पेटी काढली तेव्हा ट्यूब दगड झाल्या होत्या. कॅमलच्याच सगळ्या, दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाई करून ज्याची सुरुवात केली त्या घरचा रंग आपल्या तीन पिढ्यांनी शाळेत सांडला आहे. जलरंगाचं एक बरं असतं. तेलरंग हवेशी संयोग होऊन वाळतो, तो कायमचा. जलरंगातला डिंक पाण्यात पुन्हा सुटतो. ब्लेडने ट्यूब उभी चिरली, आतली कांडी बशीत ठेवली, चार थेंब पाणी टाकून रात्रभर झाकून ठेवली. सकाळी बर्न्ट सिएना ब्रशला लागत होता. यलो ऑकरही. अल्ट्रामरीन जरा रवाळ निघाला पण चालला. ‘अहो, ती बशी आता स्वयंपाकघरात परत आणू नका,’ एवढीच घरातून सूचना आली.

दगा दिला तो कागदाने. जलरंगाच्या चांगल्या कागदाला खळ दिलेली असते. तिच्यामुळे रंग काही क्षण वर तरंगतो आणि तेवढ्यात तुम्हाला तो हलवता येतो. इतक्या पावसाळ्यांच्या दमटीत ती खळ मेली होती. रंग टेकवला की थेट आत, जागोजाग ठिपके. बाहेरून मात्र कागद कोरा करकरीत. ब्रशांना कसर लागली होती. म्हणजे ज्या वस्तू मी मेल्या समजत होतो त्या जिवंत, आणि जपून गुंडाळून ठेवलेला कागद निकामी.

या ठिकाणी बहुतेक लोक बाजारात जातात. इंटरनेटवरच्या सल्लागारांचीही तीच दिशा : अमुक कंपनीचे चोवीस रंग, तमुक केसांचे ब्रश, घडीचं स्टँड. माझं मत उलटं आहे, पण एका अपवादासह. रंग तीन-चार पुरतात, ब्रश एक मोठा आणि एक लहान. पैसे घालायचे तर कागदात घालावेत, कारण जलरंगात वाईट कागदावर पट्टीचा चित्रकारही हरतो आणि परतणारा माणूस तो दोष स्वतःच्या माथी घेतो. फक्त तो महागडा कागद आख्खा समोर ठेवू नये. बावीस बाय तीस इंचांचा ताव असतो, त्याचे सरळ सोळा तुकडे होतात. पोस्टकार्डाच्या दुपटीएवढा तुकडा बिघडला तर बिघडला. आख्ख्या तावासमोर माणूस हात बांधून उभा राहतो, मी पाहिलं आहे.

आता हाताचं. हात गंजला असेल असं मी धरून चाललो होतो. बसलो तेव्हा कळलं की हाताला काही येत नाही अशी अडचणच नव्हती. त्याला दुसरंच काहीतरी फार चांगलं येत होतं. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शून्य दशांश दोनचं पेन. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून पुन्हा ओढायची, अमोनियाच्या वासाचे प्रिंट काढायचे. पुढे संगणक आला तरी डोळा तोच राहिला : प्रत्येक कडेला रेघ पाहिजे, प्रत्येक रेघ कुठे तरी जाऊन मिळाली पाहिजे, उघडी राहिली तर खाली कारखान्यात कुणाचा तरी माल बाद होणार. नोकरीभर हे केलेल्या हाताने मी नाव काढली. ती नाव बांधायला देता आली असती. नदीत मात्र ती नव्हती.

लोक म्हणतात, जुनी सवय मोडा, मोकळे व्हा. कसे व्हा? मोकळं होण्याचा बेत करून कुणी मोकळं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला सुटका मिळाली ती भेडाघाटच्या खडकांकडून, आणि तीही तांत्रिक कारणाने.

संगमरवर जलरंगात रंगवायचा म्हणजे काय करायचं, याचा विचार करा. जलरंगाच्या जुन्या शिस्तीत पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरं म्हणजे कागद. नर्मदेच्या दोन्ही बाजूंना शंभर फुटांपर्यंत उभे चढलेले ते कडे दाखवायचे तर त्यांच्यावर रंग लावायचाच नाही. भेगा, सावल्या, पाण्यालगतचा काळसर पट्टा, मागचं आभाळ एवढं रंगवायचं आणि कडा राहू द्यायचा. जिथे उन्हातला खडक उन्हातल्या आभाळाला भिडतो तिथे कडेला रेघच नसते. ती ओढलीत की संगमरवराचा पुठ्ठा होतो. पंचवटी घाटावर नाव भाड्याने घेतली तर नावाडी यमकं जुळवत ‘इथे अमक्या सिनेमाचं शूटिंग झालं’ सांगत नेतो, हातात कागद दिसला की फिरक्याही घेतो, आणि नाव स्थिर राहत नाही. रेघ ओढायला वेळ मिळतच नाही. सावली टेकवायची, नाव वळते, पुढची सावली. घरी येऊन पाहिलं तर एका तुकड्यावर, चित्र म्हणून फारसं काही नव्हतं, पण एका कडेला मी रेघ मारायची विसरलो होतो आणि तिथे खडक होता.

पावसाळ्यात नावा बंद असतात. वर बरगी धरणातून पाणी सोडलं की धुवांधार प्रपात आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकं पाणी चढतं. तेव्हा मी वर काठावरून चिखलाच्या रंगाची नदी काढतो. त्याला यलो ऑकर बराच लागतो.

डोळ्यांची एक गंमत सांगायलाच हवी, कारण साठीनंतर परतणाऱ्या बहुतेकांना ती भेटणार आहे. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आधी काढला, डाव्याचा बरेच महिने राहिला होता. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं. इतक्या हळू की आपल्याला पत्ता लागत नाही. नवं भिंग बसलं की निळा एकदम आत येतो. ते महिने मला दोन नर्मदा होत्या. डावा डोळा झाकला की खडक निळसर पांढरे, सावल्या जांभळ्याकडे झुकणाऱ्या. उजवा झाकला की सगळ्यावर सायीचा हात फिरलेला. मोनेचंही असंच झालं होतं. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर सगळं फार निळं दिसतं म्हणून तो रंगीत चष्मे लावून पाहू लागला. त्याच्यापुढे कमळं होती, माझ्यापुढे भेडाघाट. मी एकाच जागेची दोन चित्रं केली, एक या डोळ्याने, एक त्या. कुठलं खरं हे मला ठरवता आलं नाही आणि डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली.

या प्रयोगाने एक फायदा झाला. तरुणपणीची चित्रं बाहेर काढून आताच्याशी ताडून पाहायची खाज होती ती गेली. तो डोळाच वेगळा होता. तुलना करायची कशाशी?

आता गावाकडे, म्हणजे आमच्या मंडळाकडे येतो. माझी मुलगी पुण्याला असते. एकदा आली तेव्हा तिने टेबलावरचा तुकडा पाहिला, फोटो काढला, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. संध्याकाळपर्यंत अंगठे, फुलं, ‘वा काका!’, ‘छुपे रुस्तम!’. तिथून कुणीतरी तो मंडळाच्या गटावर नेला. लगेच एका कार्यकर्त्यांचा फोन : येत्या गणपतीत तुमचं प्रदर्शन लावू, दोन बोर्ड मोकळे आहेत, उद्घाटनाला अमुक साहेबांना बोलावू. माणूस भला आहे, मनापासून बोलत होता. पण त्या फोननंतर मी कितीतरी दिवस ब्रशला हात लावला नाही. बसलो की दोन बोर्ड डोळ्यांपुढे यायचे. अमुक साहेब यायचे.

अवेळी आलेलं कौतुक टीकेपेक्षा जास्त नुकसान करतं, हे माझं ठाम मत आहे. टीका झाली तर माणूस चिडून का होईना काम करतो. कौतुकाने त्याच्या हाती अचानक सांभाळायला काहीतरी येतं, आणि त्याच्याकडे तर अजून सांभाळण्याजोगं काही तयार झालेलं नसतं.

आपली मंडळं याच एका चालीवर चालतात. कलेचं काहीही म्हटलं की त्यांच्या मनात कार्यक्रम येतो. तारीख, मंच, समई, शाल-श्रीफळ, ध्वनिवर्धक, आभारप्रदर्शन. लहान मुलांसाठी उन्हाळी वर्ग असतात, ते बरे चालतात. त्याच्या वर थेट मंच. मधल्या माणसाने, ज्याचं पूर्वी काही होतं आणि आता धड काही नाही, त्याने कुठे जायचं? घरी बसून एकट्याने करावं म्हणाल तर घरी कुकरची शिट्टी होते, गॅसवाला येतो, आणि खरं सांगायचं तर एकट्याला लाज जास्त वाटते. शेजारी दुसरं कुणी तितकंच अडखळत असेल तर ती निम्मी होते. माझे ते जुने सहकारी शेजारी बसून स्वतःचं काढत असायचे, त्यांचा उपयोग तोच होता हे मला आता कळतं.

याच गावात असं शेजारी बसून काम करण्याची परंपरा आहे. गोलबाजारात शहीद स्मारक आहे. त्याच्या भिंतींवर स्वातंत्र्यलढ्याची चित्रं आहेत, ब्योहार राममनोहर सिन्हांची आणि त्यांच्याबरोबरच्या शांतिनिकेतनी मंडळींची. सिन्हा याच गावचे, नंदलाल बोसांचे विद्यार्थी. संविधानाच्या मूळ प्रतीतलं उद्देशिकेचं पान त्यांनी सजवलं आहे. भिंतीवरचं असलं काम कुणी एकटा दार लावून करत नाही. एकजण रंग घोटतो, एकजण रेघ धरतो, तिसरा खालून वाकडं झालंय म्हणून ओरडतो. त्या सभागृहात आम्ही आयुष्यभर भाषणं ऐकली आणि भिंतीकडे पाहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि नर्मदेने वर गेलात तर मंडला आहे. सय्यद हैदर रझा त्याच जिल्ह्यातल्या बाबरियाचे. चित्रकला शिकले ती पहिल्यांदा नागपुरात, मग मुंबईत, मग पॅरिसमध्ये उभं आयुष्य. २०१० च्या अखेरीला, नव्वदीला टेकलेले असताना, भारतात राहायला परत आले आणि काम करत राहिले. २०१६ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आता मंडल्यात त्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम करतं, आणि त्यांत गावातली साधी माणसंही रंग हातात घेतात. जबलपूरपेक्षा कितीतरी लहान गावाला जे सुचलं ते आमच्या मंडळांना, ज्यांच्या मालकीचे हॉल वर्षाचे बहुतेक दिवस कुलपात असतात, सुचायला हरकत नसावी.

आम्ही काही जणांनी अशी एक खोली मिळवली आहे. मंडळाच्या हॉलमागची, जिथे गणपतीची मखरं आणि नाटकाचे जुने पडदे ठेवतात. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण बसतो. मी आणि आणखी एक गृहस्थ चित्रं काढतो. एक बाई ठिपक्यांच्या रांगोळ्या वहीत उतरवतात, आईच्या आठवणीतल्या. आणि एक काकू आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या, लहान वयात गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिलेल्या. त्या पूर्वी गायच्या काळी चारच्या पट्टीत. परत गायला बसल्या तेव्हा तिथेच बसल्या, कारण पेटीवर बोट आपोआप तिथे गेलं. तार षड्जाला आवाज फाटायचा, त्या खाकरून पुन्हा जायच्या, पुन्हा फाटायचा. घरी असतं तर त्यांनी पेटी मिटली असती. इथे रांगोळीवाल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, ‘अहो काकू, खाली घ्या ना जरा.’ काकू रागावल्या. पुढच्या रविवारी काळी दोनमध्ये बसल्या. बायकांचा आवाज वयाबरोबर खाली उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं. गाणारी प्रत्येक बाई जाणते. पण काळी चार ही त्यांची पट्टी होती, तिला माणूस आडनावासारखा चिकटतो. आता त्या मंद्रात बराच वेळ राहतात. तिथे त्यांच्या आवाजाला जो भरीवपणा आहे तो काळी चारमध्ये कधी कुणी ऐकला नसणार. त्या मात्र अजून म्हणतात, ‘थंडी गेली की तीन लावून पाहीन.’

नियम म्हणाल तर दोनच. मोबाइल पिशवीत, आणि कुणी विचारल्याशिवाय अभिप्राय नाही. विचारलं तरी थोडक्यात. रोज अमुक तास बसायचं अशी शपथ आम्ही घेत नाही. अशा शपथा मोडल्यावर माणूस वर्षभर फिरकत नाही, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, हात तापल्यावर, अजून थोडं हवं असं वाटतानाच उठलेलं बरं. मधे दोन रविवार कुणी आलं नाही तर विचारपूसही करत नाही. येतील. गप्पा फार होतात हा दोष आहे, तो मराठी माणसांच्या कुठल्याही खोलीत असणार.

यावर आक्षेप आहेत. एक तरुण मित्र म्हणाला, ‘काका, हे म्हणजे टाइमपास क्लब. ध्येय नसेल तर प्रगती कशी होणार?’ त्याचं निम्मं खरं आहे. काही जणांना मंचाचा धाक लागतोच. तारीख ठरल्याशिवाय त्यांचे हात चालत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मंडळाचे गणपती आहेतच. मी मंच बंद करा म्हणत नाही. त्या मंचावर दरवर्षी तेच सात-आठ चेहरे का दिसतात, एवढा विचार कार्यकारिणीने करावा. नवे चेहरे मागच्या खोलीतूनच येणार आहेत, आणि काही कधीच येणार नाहीत, तेही चालायला हवं. दुसरा आक्षेप पैशांचा. त्यात काही अर्थ नाही. आम्हाला लागतं ते एक बादली पाणी, एक ट्यूबलाइट आणि जुनी वर्तमानपत्रं. तुमचं हे वर्तमानपत्र रंग टिपायला चांगलं आहे, शाई फार सुटत नाही.

खरा आक्षेप आला तो आमच्या सचिवांचा, आणि तो मला मान्य करावा लागला. सतरंजी. मंडळाची सतरंजी देणगीतून आलेली, तिच्या कोपऱ्यावर देणगीदारांचं नाव विणलेलं, आणि तिच्यावर अल्ट्रामरीनचा डाग पडला. तो काही केल्या जात नाही. त्यानंतर आम्ही फुहाऱ्याच्या बाजारातून प्लॅस्टिकची ताडपत्री आणली, पैसे वाटून घेतले. तेव्हा दुसऱ्या कुठल्या गावी, नागपूरला, इंदूरला, बडोद्याला, कुणाला अशी खोली सुरू करायची असेल तर पहिल्यांदा ताडपत्री घ्या. चावी बहुधा सचिवांकडे असते. मागितली तर देतात. फक्त ब्रश धुतलेलं पाणी कुठे ओतायचं ते आधी विचारून घ्या. आमच्याकडे तुळशीत ओतलं म्हणून एक सभा झाली आहे.